एकशास्त्री कीं बहुश्रुत?

गेल्या चैत्रांत माझी भाची चार दिवस आजोळीं राहावयास आली होती. तिची वैद्यकाची पदवी-परीक्षा झालेली, वर्षाची इंटर्नशिपहि संपलेली. आतां पुढें काय, हा प्रश्न तिच्यापुढें उभा होता. दुपारीं माजघरांत बसलों असतां तिनें मला सरळच विचारलें, "मामा, तुम्ही इतकीं वर्षें मुलांना वाटा दाखविल्यात. मला सांगा, मीं शरीराचा एकच भाग धरून त्यांतच जन्म घालवावा, कीं साऱ्या घराची डॉक्टर व्हावें?"

मी उत्तर देण्यापूर्वींच तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, स्वयंपाकघरांतून म्हणाली, "दादा, तूंच तिला नीट समजावून सांग. नुसत्या एम्. बी. बी. एस्.ला आज कोण विचारतो? उद्यां स्थळें पाहावयाची झालीं तर काय सांगायचें? मुलगी सर्दी-पडशाचीं औषधें देते म्हणून?"

मीं लागलीच उत्तर दिलें नाहीं. आम्हां शिक्षकांना अशा प्रसंगीं वाटेल तें ठोकून देण्याची सवय असते, आणि त्या सवयीचे परिणाम दुसऱ्याला जन्मभर भोगावे लागतात, हें मला निवृत्तीनंतर कळूं लागलें आहे. चार दिवस आमचें बोलणें चाललें होतें. त्यांतून जें निघालें तें येथें मांडतों. कारण हा प्रश्न हल्लीं घरोघर पडतो. मुलगा कायद्याकडे जावो, यंत्रविद्येकडे जावो, कीं हिशेबनिशीकडे जावो, चार-पांच वर्षांनीं त्याच्यापुढें हाच फांटा येतो: एकाच अरुंद वाटेनें शेवटपर्यंत जावयाचें, कीं अनेक वाटा थोड्याथोड्या परिचयाच्या करून घ्यावयाच्या?

प्रथम दोन्ही पक्षांचे दोष पाहूं. कारण त्यांना नांवें ठेवणारे शब्द आपल्याकडे पूर्वींपासून तयार आहेत. जो प्रत्येक झाडाचीं पानें तोडीत हिंडतो आणि कोणत्याच झाडाच्या मुळाशीं जात नाहीं, त्याच्या विद्वत्तेला 'पल्लवग्राहि पांडित्य' म्हणतात. आपल्या घरांतल्या बायका हेंच 'एक ना धड भाराभर चिंध्या' अशा रोखठोक शब्दांत सांगतात. उलट ज्याला आपल्या विषयापलीकडे जगच नाहीं, तो कूपमंडूक. म्हणजे परंपरेनें दोघांनाहि सोडलेलें नाहीं. मग तिनें गौरविलें कोणाला?

वेदाध्ययनाचें उदाहरण घ्या. संहितेनंतर पद, क्रम, जटा आणि घन अशा पायऱ्या चढून एकाच संहितेचें पठन शेवटच्या टोकापर्यंत नेणारा तो घनपाठी. संहिता, ब्राह्मण, आरण्यक, शिक्षा, कल्प, अष्टाध्यायी, निघंटु, निरुक्त, छंद आणि ज्योतिष असे दहा ग्रंथ मुखोद्गत करणारा तो दशग्रंथी. एक खोलवर गेला, दुसरा विस्तारला. समाजानें दोघांनाहि मान दिला. परंतु एक गोष्ट दोघांना समान होती. आरंभ स्वशाखेपासून करावयाचा; ती पक्की झाल्याखेरीज परशाखेला हात लावावयाचा नाहीं. दशग्रंथ्याचा विस्तारहि एका शाखेच्या खोडावर फुटलेला असे. हा मुद्दा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचा उपयोग आहे.

भाचीचा विषय वैद्यकाचा, म्हणून त्या शास्त्राकडे वळलों. ती समजत होती कीं वैद्यकांतील विशेष शाखा हा पाश्चात्त्यांचा शोध आहे. मीं तिला आयुर्वेदाचीं आठ अंगें मोजून दाखविलीं: शल्य, शालाक्य, कायचिकित्सा, भूतविद्या, कौमारभृत्य, अगदतंत्र, रसायन आणि वाजीकरण. यांत शस्त्रक्रिया निराळी, बालरोग निराळे, विषचिकित्सा निराळी. गळ्याच्या वरच्या भागाचे, म्हणजे डोळे, कान, नाक इत्यादिकांचे रोग पाहणारें शालाक्यहि निराळें. म्हणजे वांटणी फार जुनी आहे. पण त्या वांटणीचा कैफ चढूं नये याचीहि काळजी ग्रंथकारांनीं घेतलेली दिसते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत असा अभिप्राय आहे, कीं एकच शास्त्र शिकणाऱ्याला त्या शास्त्राचाहि निश्चय होत नाहीं, यास्तव वैद्यानें बहुश्रुत असावें. हें सांगणारा ग्रंथ शल्यप्रधान, म्हणजे एका अंगाला वाहिलेला आहे, हें विशेष! याच्या उलट चरकसंहिता कायचिकित्सेची. परंतु गुल्म पिकला म्हणजे काय करावें हा प्रश्न येतांच ती सांगते, कीं येथें अधिकार धन्वंतरीच्या संप्रदायाचा, म्हणजे शस्त्रवैद्यांचा. एकशास्त्री दुसऱ्या शास्त्रांकडे नजर ठेवतो, आणि सर्व शरीर पाहणारा आपली मर्यादा ओळखून बाजूला होतो. या दोन वाक्यांत सगळा प्रश्न आहे असें मला वाटतें.

ग्रंथांतील गोष्टी राहूं द्या. आमच्याच घरांत घडलेल्या दोन गोष्टी मीं तिला सांगितल्या.

पहिली माझ्या पत्नीची. तिचे गुडघे दुखत, म्हणून शहरांतील एका अस्थितज्ज्ञांनीं वेदनाशामक गोळ्या दिल्या. कांहीं महिन्यांनीं मान आंखडली, तेव्हां दुसऱ्या तज्ज्ञांकडे नेलें. त्यांनीं दिलेल्या गोळीचें नांव निराळें, रंग निराळा, पण जात तीच. पुढें रक्तदाब चढला. तिसऱ्या तज्ज्ञांनीं त्यावर औषध सुरू केलें, आणि दाब उतरेना म्हणून तें वाढविलें. मग पायांना सूज आली, आणि आम्ही मूत्रपिंडाच्या तज्ज्ञांची वेळ मागण्याच्या विचारांत होतों. हे तिघेहि आपापल्या विषयांत निष्णात होते. पण तिन्ही चिठ्ठ्या एके ठिकाणीं ठेवून कोणीं पाहिल्या नव्हत्या, आणि आम्हींहि त्या दाखविल्या नव्हत्या. आमच्या गांवांतील घरचे वृद्ध डॉक्टर एके संध्याकाळीं सहज आले. त्यांनीं घरांतील सर्व गोळ्या एका ताटांत मांडावयास सांगितल्या, चष्मा पुसून एकेकीचें नांव वाचलें, आणि दोन निराळ्या केल्या. "वहिनी, या दोघी सख्ख्या बहिणी आहेत," ते म्हणाले. अशा वेदनाशामकांनीं शरीरांत मीठ व पाणी सांठतें, रक्तदाब चढतो आणि मूत्रपिंडावर ताण पडतो, हें त्यांनीं आम्हांला समजावून दिलें. मग तज्ज्ञांशीं दूरध्वनीवर बोलून त्या दोन्ही गोळ्या बंद केल्या. तीन आठवड्यांत सूज उतरली, आणि रक्तदाबाचें औषध पुन्हां पहिल्या मात्रेवर आलें.

दुसरी गोष्ट माझ्या उजव्या डोळ्याची. एके सकाळीं डोळ्यापुढें काळे ठिपके नाचूं लागले, मधूनमधून ठिणग्या चमकल्यासारखें होई, आणि दुपारपर्यंत एका कडेनें काळा पडदा सरकत येत आहे असें वाटूं लागलें. मी समजलों, मोतीबिंदु असेल. पाहूं पुढच्या आठवड्यांत. त्याच डॉक्टरांनीं दोन प्रश्न विचारले, क्षणभर तपासलें आणि म्हणाले, "गुरुजी, आतांच्या आतां निघा. हें माझें काम नव्हे." दृष्टिपटल सुटूं लागलें होतें. त्याचा मध्यभाग सुटण्यापूर्वीं शस्त्रक्रिया झाली तर दृष्टि बहुधा वांचते. उशीर झाला तर पुष्कळदां गेलेली परत येत नाहीं. शहरांत ज्यांनीं शस्त्रक्रिया केली ते गृहस्थ दृष्टिपटलाखेरीज दुसरें कांहींच करीत नाहींत. मोतीबिंदूचा रोगीहि ते दुसऱ्याकडे पाठवितात. त्यांचा हात त्या एका कामांत इतका बसलेला नसता, तर मी हा लेख एका डोळ्यानें लिहीत असतों.

भाची क्षणभर थांबून म्हणाली, "मग मामा, तुमचा डोळा वांचविला कोणीं?"

"दोघांनीं," मीं म्हटलें. "आणि त्यांतला कोणता मोठा, हें मला अजून ठरवितां आलेलें नाहीं."

आतां व्यवहाराकडे येऊं. एम्. बी. बी. एस्.चा अभ्यासक्रम इंटर्नशिप धरून साडेपांच वर्षांचा. पुढें एम्. डी. अथवा एम्. एस्.साठीं तीन वर्षें. त्याहिपुढें हृदय, मज्जातंतु, मूत्रपिंड अशा उपशाखांसाठीं डी. एम्. किंवा एम्. सीएच्. करावयाचें तर आणखी तीन. अठराव्या वर्षीं निघालेली मुलगी कोठेंहि न अडतां हा मार्ग चालली तरी तिशीला टेकते. प्रवेशपरीक्षांच्या तयारींत गेलेलीं वर्षें निराळींच. पूर्वीं स्थिति अशी नव्हती. मुंबई इलाख्यांत गांवोगांवीं एल्. सी. पी. एस्. झालेले डॉक्टर असत. ही परीक्षा १९१२ सालीं स्थापन झालेल्या मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशिअन्स अँड सर्जन्सची. १९४६ सालीं भोर समितीनें असे निरनिराळे दर्जे मोडून देशभर एकाच प्रकारचा पायाभूत शिक्षण घेतलेला डॉक्टर असावा अशी शिफारस केली. हेतु चांगला होता. परंतु पुढें विशेष शाखा वाढत गेल्या, आणि ज्याला पाया म्हणून कल्पिलें होतें तो पदवीधर डॉक्टर लोकांना वाटेंत अडकून राहिलेला प्रवासी वाटूं लागला. माझ्या बहिणीच्या तोंडून जें निघालें तें याच समजुतीचें बोल.

हीच समजूत सर्वत्र आहे असें मात्र नाहीं. ब्रिटनमध्यें घरचा डॉक्टर होण्यासाठींहि पदवीनंतर निदान पांच वर्षांचें शिक्षण घ्यावें लागतें, कारण तेथें ती एक स्वतंत्र विद्या मानली आहे. अमेरिकेंतील जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठाच्या बार्बरा स्टारफील्ड या विदुषीनें निरनिराळ्या देशांची तुलना करून असें दाखविलें, कीं जेथें प्राथमिक वैद्यकीय सेवेची बाजू बळकट असते तेथें कमी खर्चांत लोकांचें आरोग्य अधिक चांगलें राहतें. आपल्याकडेहि फॅमिली मेडिसिन हा पदव्युत्तर विषय असून राष्ट्रीय परीक्षा मंडळाची त्यांतील डी. एन्. बी. ही पदवी तीन वर्षांची आहे. भाचीला हें ठाऊक होतें. तिच्या आईला नव्हतें.

येथवर ऐकल्यावर भाचीनें एक आक्षेप काढला, आणि तो खरा आहे. ती म्हणाली, "पण मामा, जगांत नांव होतें तें एकाच गोष्टीला वाहून घेणाऱ्याचें. सगळें थोडें थोडें करणाऱ्याला कोण लक्षांत ठेवतो?" मीं तिच्यापुढें आपल्याच महाराष्ट्रांतील कांहीं विद्वानांचीं चरित्रें ठेवलीं.

महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे हे व्यवसायानें मुंबईच्या हायकोर्टांतील वकील. 'व्यवहारमयूख' या एका ग्रंथाला प्रस्तावना लिहावी म्हणून त्यांनीं धर्मशास्त्राच्या इतिहासाची जुळवाजुळव केली. ती प्रस्तावना वाढत वाढत स्वतंत्र ग्रंथ झाली. पहिला खंड १९३० सालीं निघाला तेव्हां त्यांचें वय ५० वर्षांचें. पांचवा १९६२ सालीं पुरा झाला तेव्हां ८२. पुढल्या वर्षीं त्यांना 'भारतरत्न' मिळालें. हा एकशास्त्री पुरुष खरा. परंतु त्या एका शास्त्रासाठीं त्यांना मीमांसा, ज्योतिष, पुराणें, शिलालेख आणि प्रचलित कायदा इतक्या क्षेत्रांत वावरावें लागलें.

डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर यांनीं केंब्रिजला गणिताचें अध्ययन केलें. नंतर बर्लिनला जाऊन प्राच्यविद्या शिकले. १९२५ सालीं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक झाले, आणि १९४३ सालीं देहावसान होईपर्यंत तेंच करीत राहिले. शेकडों हस्तलिखितांतील पाठभेद ताडून त्यांची वंशावळ लावणें या कामीं गणितानें लावलेली शिस्त उपयोगी पडली नसेल, असें कोण म्हणेल? तें कार्य १९६६ सालीं पुरें झालें तें पाहावयास ते नव्हते. पण त्यांनीं घालून दिलेल्या पद्धतीवरच तें चाललें.

दामोदर धर्मानंद कोसंबी हे तर बहुश्रुततेचें टोंकच. मूळ विद्या गणित. त्यांतील संख्याशास्त्र हातीं घेऊन त्यांनीं प्राचीन नाण्यांचीं वजनें तपासलीं आणि नाणीं वापरानें कशीं झिजतात यावरून त्यांचा काल ठरविण्याचा प्रयत्न केला. १९४८ सालीं भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ति दिली. १९५६ सालीं भारतीय इतिहासावरील प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. तेवीस खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश उभारणारे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनींहि आधीं अमेरिकेंत कॉर्नेल विद्यापीठांत जातिसंस्थेच्या इतिहासावर प्रबंध लिहून मगच हा अफाट पसारा मांडला.

या चौघांपैकीं कोण एकशास्त्री आणि कोण बहुश्रुत, हें ठरविणें वाटतें तितकें सोपें नाहीं. मात्र चौघांच्याहि ठिकाणीं तोच स्वशाखेचा नियम दिसतो. कोठें तरी एके ठिकाणीं ते खडक लागेपर्यंत खणले होते, विस्तार त्यानंतरचा.

येथें मला स्वतःविषयीं लिहिणें प्राप्त आहे, कारण भाचीनें तिसऱ्या दिवशीं विचारलें, "मामा, तुम्ही स्वतः कोणत्या वाटेनें गेलांत?"

मी जुन्या अकरावीची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर चार वर्षें एका पाठशाळेंत होतों. लघुकौमुदी झाली, सिद्धांतकौमुदी झाली. मीं आणखी राहून परिभाषेंदुशेखर आणि महाभाष्य करावें अशी गुरुजींची इच्छा होती. परंतु वडील अंथरुणास खिळले, मागें धाकटीं भावंडें होतीं. मीं शिक्षकाची नोकरी धरली. शाळा लहान. संस्कृताबरोबर मराठी शिकविलें, इतिहास शिकविला, कधीं गणितहि शिकविलें; पावसाळ्यांत ओढ्याला पूर येऊन भूगोलाचे शिक्षक पलीकडे अडकले म्हणजे भूगोलहि माझ्याचकडे. अशीं छत्तीस वर्षें गेलीं. माझा एक सहाध्यायी मात्र पाठशाळेंतच राहिला. आज व्याकरणांतील शंका विचारावयास दूरदूरचे अभ्यासक त्याच्याकडे येतात. परंतु पंचेचाळिशी उलटेपर्यंत त्याचा संसार ओढग्रस्तीचा होता, आणि त्या दिवसांत त्याच्या पत्नीनें काय सोसलें तें मीं पाहिलें आहे.

मला पश्चात्ताप होतो का? होतो, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. आजहि महाभाष्य उघडलें कीं पस्पशाह्निकापुढें माझी गति मंदावते, आणि गुरुजींचा चेहरा डोळ्यांपुढें येतो. परंतु कौमुदींत घातलेल्या त्या चार वर्षांनीं मला एक माप दिलें. एखादी गोष्ट खरोखर कळणें म्हणजे काय, याचा अनुभव मला एका ठिकाणीं आला होता. म्हणून इतिहास शिकवितांना आपल्याला कोठपर्यंत कळलें आहे आणि कोठून पुढें आपण नुसतें पुस्तक वाचून दाखवीत आहों, हें मला समजे. मुलानें खोल प्रश्न विचारला तर "हें मला ठाऊक नाहीं, अमक्यांना विचार" असें म्हणतांना जीभ अडखळत नसे. ज्याला एकहि विषय मुळापासून आलेला नसतो त्याला ही रेषाच दिसत नाहीं, आणि मग तो सर्वज्ञ होतो. आमच्या घरच्या डॉक्टरांनीं "हें माझें काम नव्हे" असें क्षणांत म्हटलें, त्या तीन-चार शब्दांच्या मागें किती वर्षांचें शिक्षण होतें, हें मला त्या दिवशीं कळलें.

या सर्वांतून मीं तिला चार गोष्टी सांगितल्या. त्या इतर तरुणांनाहि उपयोगी पडतील असें वाटतें.

पहिली, निदान एक विषय तळापर्यंत शिकावा. मग पुढें विस्तार करावयाचा असो वा नसो. बहुश्रुतता ही श्रमांतून सुटण्याची पळवाट नव्हे.

दुसरी, आपला स्वभाव प्रामाणिकपणें पहावा. तेंच काम सहस्र वेळां करून दर वेळीं त्यांत थोडी अधिक सफाई आणण्यांत ज्याला आनंद वाटतो, त्यानें एक शाखा धरावी. दाराशीं येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाचें निराळेपण ज्याला ओढतें, त्यानें ती धरली तर तो मनांत कुढत राहील.

तिसरी, आपण राहणार कोठें याचा विचार करावा. दृष्टिपटलाच्या शस्त्रवैद्याला मोठें शहर, यंत्रें आणि दुरून येणारे रोगी लागतात. दहा हजार वस्तीच्या गांवांत त्याची विद्या गंजून जाईल. तेथें सर्वांगांनीं पाहणारा डॉक्टर हवा, आणि तोच मिळत नाहीं.

चवथी गोष्ट मीं बहिणीला उद्देशून सांगितली. घरच्या वडील माणसांनीं खर्चाचा हिशेब जरूर घालावा, वयाचाहि घालावा. पण लग्नाच्या बाजारांत कोणतें अक्षर नांवापुढें चांगलें दिसेल, यावरून मुलीच्या पुढल्या चाळीस वर्षांची वाट ठरवूं नये. स्थळ पाहावयास येणारीं माणसें अर्धा तास बसून चहा घेऊन जातात. काम तिला रोज करावयाचें आहे.

बहीण त्यावर कांहीं बोलली नाहीं. तिनें माझ्या पानांत आणखी एक पोळी वाढली, आणि ती नाराजीची होती कीं संमतीची, हें मला कळलें नाहीं.

आषाढांत भाचीचें पत्र आलें. तिनें फॅमिली मेडिसिनच घ्यावयाचें ठरविलें आहे. तीन वर्षें पुरीं करून मगच गांवीं दवाखाना उघडीन, अर्धवट शिकून नव्हे, असें तिनें लिहिलें आहे. खालीं एक ओळ होती: "आई अजून पूर्ण राजी नाहीं. पण परवां तिनें स्वतःच्या सगळ्या गोळ्या ताटांत काढून माझ्यापुढें ठेवल्या."

तिची निवड बरोबर ठरेल कीं नाहीं, हें सांगणारा मी कोण? तिच्या वर्गांतील एखादी मैत्रीण कदाचित् दृष्टिपटलाचीच शस्त्रवैद्य होईल, आणि तीहि योग्यच वाटेवर असेल. दोघींना एकमेकींचे पत्ते ठाऊक असावे, आणि रोगी वेळेवर एकीकडून दुसरीकडे पोंचावा, एवढीच या म्हाताऱ्या शिक्षकाची अपेक्षा आहे.